झाडाच्या सालीवरचा डाग वाचता येतो का?

जुन्या झाडाच्या बुंध्यावर किंवा ऊनपाऊस खाल्लेल्या दगडावर राखाडी, हिरवट, कधी पिवळसर खपल्या धरलेल्या असतात. बहुतेकांना ते डाग वाटतात, काहींना झाडाला लागलेला रोग. ते असतं दगडफूल. बुरशी आणि शैवाल यांनी मिळून थाटलेला तो संसार आहे. बुरशी घर बांधते आणि पाणी धरून ठेवते, शैवाल उन्हावर अन्न तयार करतं, आणि दोघांचं भागतं. झाडाकडून ते बसायला जागा तेवढी घेतं.

१८६६ साली पॅरिसमध्ये राहणाऱ्या विल्यम नायलँडर या फिनिश वनस्पतिशास्त्रज्ञाने एक गोष्ट टिपली. लक्झेंबर्ग उद्यानातल्या झाडांवर त्याला दगडफुलाच्या ज्या जाती सापडत होत्या, त्या शहरात इतरत्र औषधालाही मिळत नव्हत्या. हवा कुठे कितपत चांगली आहे हे या जीवावरून ओळखता येईल, असं त्याने लिहून ठेवलं. पुढे तीसेक वर्षांत त्या उद्यानातूनही ती दगडफुलं गेली. कारण साधं आहे. दगडफुलाला मुळं नसतात, पानांवर असतो तसा मेणचट थरही नसतो. जे काही हवं ते थेट हवेतून आणि पावसाच्या पाण्यातून शोषायचं. मग कोळशाच्या धुरातला सल्फर डायऑक्साइडही आत जातो आणि शैवालाचं हरितद्रव्य नासवतो.

१९७० मध्ये हॉक्सवर्थ आणि रोज या दोघांनी इंग्लंड आणि वेल्ससाठी यावरून एक पट्टीच बनवली. झाडावर कोणती दगडफुलं आहेत ते पाहायचं आणि हवेला ० ते १० मध्ये गुण द्यायचे. त्याच सुमारास ब्रिटनमधल्या हजारो शाळकरी मुलांनी याहून सोपी पट्टी हातात घेऊन आपापल्या परिसरातली झाडं आणि भिंती धुंडाळल्या. नियम लहान मुलालाही कळेल असा होता. खपलीसारखं चिकटलेलं दगडफूल मळक्या हवेतही तग धरतं, पानासारखं पसरणारं जरा बऱ्या हवेत दिसतं, आणि झुडपासारखं लोंबणारं दिसलं तर हवा खरोखर स्वच्छ. मुलांच्या नोंदींवरून देशाच्या मळक्या हवेचा नकाशा तयार झाला. उपकरणावर खर्च शून्य.

हे एवढं लांबण लावून सांगितलं, त्याला कारण आहे. ‘पर्यावरण शिक्षण’, ‘हरित करिअर’ आणि ‘निसर्गाशी नातं’ हे आपण तीन वेगळ्या खणांत ठेवलेले विषय आहेत. पहिला चित्रकला स्पर्धेपुरता, दुसरा बारावीनंतरच्या मार्गदर्शन शिबिरापुरता आणि तिसरा सुट्टीच्या दिवसापुरता. दगडफुलं मोजणारं ते पोर मात्र एकाच वेळी तिन्ही करत होतं. आधी पाहत होतं, मग मोजत होतं, आणि त्याच्या मोजण्यावरून मोठ्यांना काहीतरी ठरवता येत होतं. पाहणं, मोजणं, ठरवणं ही साखळी मधेच तुटली की शिक्षणात घोषणा उरतात, करिअरमध्ये पदव्या उरतात आणि निसर्गात सेल्फी.

मुद्दल आणि व्याज

‘शाश्वत’ हा शब्द मला थोडा अडचणीचा वाटतो. शाश्वत म्हटलं की अजरामर, अविनाशी असं काहीतरी डोळ्यांसमोर येतं आणि ऐकणारा हात जोडून मोकळा होतो. मूळ कल्पना इतकी गंभीर नाही, ती चक्क जमाखर्चाची आहे.

जर्मनीतल्या सॅक्सनीमध्ये फ्रायबर्गच्या आसपास चांदीच्या खाणी होत्या. खाणीला आधार द्यायला लाकूड लागायचं, धातू वितळवायला कोळसा लागायचा आणि तोही लाकडाचाच. जंगलं संपत आली, तेव्हा खाण प्रशासनातल्या हान्स कार्ल फॉन कार्लोविट्झ या अधिकाऱ्याने १७१३ साली वनशास्त्रावर लिहिताना मांडलं, की जेवढं लाकूड दरवर्षी नव्याने वाढतं तेवढंच तोडावं. जंगल हे मुद्दल, वाढ हे व्याज. व्याजावर जगा, मुद्दलाला हात लावू नका. आज जिला शाश्वतता म्हणतात तिच्यासाठीचा जर्मन शब्द त्याच्याच लिखाणापासून रुळत गेला. गंमत अशी की हे सांगणारा माणूस निसर्गकवी नव्हता. त्याला खाणी बंद पडण्याची चिंता होती.

१९८७ मध्ये ग्रो हार्लेम ब्रुंटलँड यांच्या अध्यक्षतेखालच्या संयुक्त राष्ट्रांच्या आयोगाने हाच हिशेब साऱ्या जगापुढे ठेवला: आजच्या पिढीने आपल्या गरजा भागवाव्यात, पण पुढच्यांना त्यांच्या गरजा भागवता येणार नाहीत अशी वेळ आणू नये. व्याख्या म्हणून ती सुटसुटीत आहे. अडचण एवढीच, की कार्लोविट्झला झाडं मोजायची होती, आपल्याला हवा, पाणी, माती, मासे आणि तापमान हे सगळंच मोजायचं आहे, आणि यातल्या बऱ्याच खात्यांत मुद्दल किती होतं हेच कुणी लिहून ठेवलेलं नाही.

त्यात आणखी एक मेख आहे. १९९५ मध्ये डॅनियल पॉली या मत्स्यशास्त्रज्ञाने दाखवून दिलं, की मासेमारीचा अभ्यास करणारी प्रत्येक पिढी आपल्या उमेदवारीच्या काळात समुद्रात जेवढे मासे होते तेवढेच ‘मूळचे’ समजते आणि घट तिथून पुढे मोजते. पुढची पिढी त्या घटलेल्या साठ्यालाच मूळ धरते. अशी दरवेळी पाटी पुसून नवी सुरुवात होत राहिली, की मुद्दल संपत आलं तरी कुणाला धक्का बसत नाही. ज्याने ओढ्यात कधी खेकडा पाहिलाच नाही, त्याला खेकडे गेल्याचं दुःख कुठून होणार?

पाचपैकी एक

पर्यावरण शिक्षण कशासाठी, यावर जगभरच्या सरकारांनी एकत्र बसून विचार केला तो ऑक्टोबर १९७७ मध्ये, तेव्हाच्या सोव्हिएत जॉर्जियातल्या तिबिलिसी शहरात. युनेस्को आणि संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने ही परिषद भरवली होती. तिथे पाच उद्दिष्टं ठरली: जाणीव, ज्ञान, वृत्ती, कौशल्य आणि सहभाग. आज जवळपास पन्नास वर्षांनी पाहिलं तर बहुतेक ठिकाणी गाडी पहिल्या स्थानकावरच उभी आहे. जाणीव जागृती सप्ताह, जाणीव फेरी, जाणीव शपथ. ज्ञान पाठ्यपुस्तकात असतं आणि परीक्षेत ओकलं जातं. कौशल्य आणि सहभाग हे बहुधा मूल्यमापनाच्या तक्त्यातच भेटतात.

यात शिक्षकांना बोल लावण्यात अर्थ नाही. तासिका पस्तीस-चाळीस मिनिटांची, वर्गात मुलं दाटीवाटीने, आणि विषयाला गुण नाममात्र. पण या अडचणींतही कौशल्य शिकवता येतं. शाळेचा विजेचा मीटर घ्या. संध्याकाळी शाळा सुटल्यावर मुलांनी मीटरचा आकडा वहीत लिहायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी घंटा व्हायच्या आत पुन्हा लिहायचा. रात्रभर शाळेत कुणी नव्हतं, म्हणजे फरक जवळपास शून्य यायला हवा. तो तसा येत नाही. मग शोध सुरू होतो. पाणी थंड करणारं यंत्र चालू राहिलंय, संगणक बंद असले तरी त्यांचे स्विच चालू आहेत, मागच्या जिन्यात दिवा जळतोय, कपाटावर कुठलासा चार्जर कधीपासून तसाच लावलेला आहे.

आता गणित. फक्त १० वॅटचं एखादं उपकरण वर्षभर अखंड चालू राहिलं, तर वर्षाचे तास ८,७६०. १० गुणिले ८,७६० म्हणजे ८७,६०० वॅट-तास, म्हणजे ८७.६ युनिट. कुणाच्याही उपयोगी न पडलेले. हेच १०० वॅट असतील तर ८७६. सातवीतल्या पोरालाही हा गुणाकार येतो, आणि हे एकदा केलेलं पोर ‘वीज वाचवा’ असं लिहिलेला फलक पुन्हा कधी रंगवणार नाही. ते थेट तो स्विच शोधायला जाईल. ऊर्जा लेखापरीक्षक म्हणून जे लोक पगार घेतात त्यांच्या कामाचा पहिला दिवस साधारण असाच असतो. त्यांच्याकडे मोजायची यंत्रं चांगली असतात, इतकंच.

लहान मुलांच्या बाबतीत मात्र मोजण्याचीही घाई नको. डेव्हिड सोबेल हे अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ १९९० च्या दशकापासून सांगत आले आहेत, की सात-आठ वर्षांच्या मुलांसमोर जळणारी जंगलं आणि वितळणारे हिमनग यांचा पाढा वाचला, तर मूल निसर्गाच्या जवळ येण्याऐवजी घाबरून त्याच्यापासून तोंड फिरवतं. मला हे पटतं. ज्याच्याशी अजून ओळखही झालेली नाही, त्याच्या मरणाची बातमी आधी द्यायची, हा उलटा कारभार झाला. त्या वयात चिखलात हात घालू द्यावा आणि गोगलगायीमागे अर्धा तास घालवू द्यावा. आकडेवारीला पुढचं सगळं आयुष्य पडलेलं आहे.

दिसतं, पण पाहिलं जात नाही

जंगलाचं एखादं छायाचित्र दाखवा आणि विचारा, यात काय दिसतं? बहुतेक जण सांगतील, हरीण. हरणाभोवती पसरलेले गवत, झुडपं, वेली, झाडं यांची हजेरी लागत नाही. ती सगळी मिळून ‘पार्श्वभूमी’. १९९९ मध्ये वॉन्डर्सी आणि शुस्लर या दोन अमेरिकी अभ्यासकांनी याला नाव दिलं, वनस्पतींबाबतचं अंधत्व. डोळे तर असतात, पण मेंदू हिरव्या रंगाला भिंतीच्या रंगात काढतो. शहरात वाढलं म्हणून हे होतं असंही नाही. शेताच्या बांधावर जन्म काढलेली माणसंही ‘ते असंच तण आहे काहीतरी’ म्हणून पुढे जातात.

निसर्गात गेल्याने बरं वाटतं, हे सांगायला शास्त्रज्ञाची गरज नाही. तरी यावर अभ्यास झाले आहेत आणि ते कसे वाचायचे हेसुद्धा शिकण्यासारखं आहे. १९८४ मध्ये रॉजर उलरिच यांनी अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियामधल्या एका रुग्णालयाच्या जुन्या नोंदी तपासल्या. पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेले ४६ रुग्ण, त्यांच्या २३ जोड्या. जोडीतल्या एकाच्या खिडकीतून झाडं दिसत होती, दुसऱ्याच्या खिडकीतून विटांची भिंत. झाडं पाहणारे सरासरी ७.९६ दिवसांत घरी गेले, भिंत पाहणारे ८.७० दिवसांत, आणि झाडंवाल्यांना तीव्र वेदनाशामकंही कमी लागली. निष्कर्ष मोहक आहे, पण माणसं फक्त ४६. २०१९ मध्ये इंग्लंडमधल्या जवळपास २०,००० लोकांच्या माहितीवरून असं दिसलं, की आठवड्यातून एकूण १२० मिनिटं किंवा अधिक वेळ निसर्गात घालवणारे स्वतःची तब्येत चांगली असल्याचं जास्त प्रमाणात सांगतात. तो वेळ एकदम घालवला की तुकड्यातुकड्याने, याने फरक पडत नव्हता. इथे माणसं भरपूर आहेत, पण दुसराच पेच आहे. बाहेर गेल्याने तब्येत सुधारली, की तब्येत धड असलेलेच बाहेर जाऊ शकले? एका वेळच्या पाहणीतून याचं पक्कं उत्तर मिळत नाही. ‘निसर्ग हेच औषध’ असं छापणाऱ्यांनी हा प्रश्न सोयीने गाळलेला असतो.

तेव्हा निसर्गात जायचं ते औषधाची मात्रा घेतल्यासारखं जाण्यापेक्षा काहीतरी पाहायला जावं, असं माझं मत. त्यासाठी अभयारण्य लागत नाही. रोजच्या वाटेवरची हातभर जागा पुरते. अट एकच, जागा बदलायची नाही. दर आठवड्याला तिथे दहा मिनिटं बसायचं आणि तारीख घालून दिसेल ते लिहायचं. पहिले दोन आठवडे कंटाळ्याचे जातात, हे आधीच सांगून ठेवतो. तिसऱ्या आठवड्यात एखादं गळून पडलेलं पान ओळखीचं वाटायला लागतं. मागच्या वेळी ते अख्खं होतं, आता कडेने भोकं पडलीत. उलटून पाहिलं तर खालच्या बाजूला पांढरे बारीक धागे, म्हणजे बुरशीने मुक्काम ठोकलाय. अजून काही आठवड्यांनी पानाच्या नुसत्या शिरांची जाळी उरते, मग तीही मातीत दिसेनाशी होते. पुस्तकातलं ‘विघटन’ हे शीर्षक तुम्ही डोळ्यांनी पाहिलेलं असतं, आणि त्याला किती दिवस लागले हेही तुमच्या वहीत असतं.

अशा वह्यांचं पुढे काय होतं? रॉबर्ट मार्शम या इंग्लंडमधल्या नॉरफोकच्या जमीनदाराने १७३६ पासून वसंत ऋतूच्या खुणा लिहायला घेतल्या. कोणत्या झाडाला पालवी कधी, पहिली पाकोळी कधी दिसली, बेडूक कधी ओरडले, अशा सत्तावीस खुणा. त्याच्यामागे त्याच्या घराण्याने पिढ्यान्‌पिढ्या हा उद्योग १९५८ पर्यंत चालू ठेवला. त्याच्या काळी ‘हवामानबदल’ हा शब्द कुणाच्या गावीही नव्हता. पुढे शास्त्रज्ञांनी या तारखा तापमानाच्या नोंदींशी ताडून पाहिल्या, तेव्हा थंडी-उबेनुसार झाडांची पालवी किती पुढेमागे होते याचा दोन शतकांचा पुरावा आयता हाती आला. पॉली म्हणतात तशी पुसली न गेलेली पाटी ती हीच.

हरित नोकरी म्हणजे नेमकं काय

आता पोटापाण्याचं. ‘हरित रोजगार’ म्हटलं की कुणाला झाडं लावणारा माणूस दिसतो, कुणाला पवनचक्कीवर चढलेला. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेची व्याख्या याहून रुंद आहे. पर्यावरण राखायला किंवा पूर्ववत करायला हातभार लावणारं कोणतंही काम, मग ते बांधकामातलं असो, कारखान्यातलं असो की ऊर्जेतलं, ते हरित. पण सोबत अट अशी की काम माणसाला साजेसं हवं. मोबदला रास्त हवा, जिवाला धोका नको. ही अट वरवरची नाही. तांबं परत मिळावं म्हणून उघड्यावर वायरी जाळणारा माणूस पुनर्वापरच करत असतो, पण त्या धुरात त्याची फुप्फुसं जात असतील तर त्या कामाला हरित म्हणायला जीभ धजू नये.

आकारमान किती? आंतरराष्ट्रीय अक्षय ऊर्जा संस्थेच्या मोजणीनुसार जगात अक्षय ऊर्जेत २०१२ मध्ये सुमारे ७३ लाख लोक काम करत होते, २०२३ मध्ये १ कोटी ६२ लाख. त्यातले ७० लाखांहून अधिक एकट्या सौर पॅनेलच्या उद्योगात. श्रम संघटनेने २०१८ मध्ये वर्तवलं होतं, की तापमानवाढ २ अंशांच्या आत ठेवण्यासाठी जग नीट बदललं तर २०३० पर्यंत २ कोटी ४० लाख नव्या नोकऱ्या तयार होतील आणि ६० लाख जातील. पहिला आकडा व्याख्यानांत झळकतो, दुसरा नाही. आणि जाणाऱ्या नोकऱ्या ज्यांच्या, येणाऱ्या नोकऱ्या त्यांच्याच वाट्याला येतील याची हमी कुणीच देत नाही. कोळशाच्या खाणीत वीस वर्षं काढलेल्या माणसाला ‘सौरऊर्जेत ये’ म्हणणं सोपं आहे; त्याचं घर, गाव, शिकलेला कसब हे सगळं खाणीच्या तोंडाशी आहे.

या सगळ्यात माझं आवडतं उदाहरण अगदीच अनाकर्षक जागचं आहे, सांडपाणी प्रक्रिया केंद्राचं. १९१४ मध्ये मँचेस्टरमध्ये आर्डर्न आणि लॉकेट यांनी जी पद्धत मांडली, तीच आज जगभर चालते. मैलापाण्यात हवा घुसळत ठेवायची, म्हणजे त्यातले सूक्ष्मजीव घाण खाऊन वाढतात आणि एकमेकांना चिकटून गुठळ्या धरतात. मग पाणी शांत टाकीत सोडायचं. गुठळ्या तळाशी बसतात, वरचं नितळ पाणी पुढे जातं. म्हणजे हे केंद्र चालवणारा माणूस अब्जावधी जिवांचा गोठा सांभाळत असतो, आणि गुरांसारखीच त्यांच्यावर नजर ठेवावी लागते.

तो रोज एक लिटरच्या उंच काचपात्रात गाळमिश्रित पाणी भरतो आणि तीस मिनिटं हलवत नाही. समजा गाळ २५० मिलिलिटरच्या खुणेपर्यंत बसला, आणि त्या पाण्यात गाळाचं प्रमाण लिटरला २,५०० मिलिग्रॅम म्हणजे अडीच ग्रॅम आहे. २५० भागिले २.५, उत्तर १००. एक ग्रॅम गाळ १०० मिलिलिटर जागा घेतो, प्रकृती ठीक. हाच आकडा १५० च्या पुढे सरकायला लागला की त्याच्या कपाळाला आठ्या. धाग्यांसारखे वाढणारे जिवाणू माजले, की गुठळ्या पिंजलेल्या कापसासारख्या फुगतात आणि खाली बसायचं नाव घेत नाहीत.

मग सूक्ष्मदर्शक. एक थेंब काचेवर घेतला की निरोगी गाळात व्होर्टिसेला दिसतो. देठावर उभी असलेली इवलीशी घंटा. जरा धक्का लागला की देठ स्प्रिंगसारखा गुंडाळून मागे जातो आणि पुन्हा हळूच सरळ होतो. तो पाण्यातले सुटे जिवाणू गिळतो, म्हणून तो भरपूर असेल तर बाहेर जाणारं पाणी नितळ असणार हे कळतं. प्राणवायू कमी पडला किंवा कुठूनतरी विषारी रसायन आलं, की आधी या घंटा नाहीशा होतात. प्रयोगशाळेचा अहवाल यायला दिवस लागतात. घंटा गेलेल्या लगेच दिसतात. नाकही कामाला येतं. धडधाकट गाळाला ओल्या मातीचा वास येतो. सडक्या अंड्याचा वास आला म्हणजे टाकीत हवा पुरत नाही.

नायलँडर झाडाच्या सालीकडे जसा पाहत होता, तसाच हा माणूस थेंबाकडे पाहतो. याच्या कामाला कुणी ‘निसर्गाशी जोडलं जाणं’ म्हणत नाही, पण रोजचं काम तेच आहे.

आधी कसब, मग विशेषण

मुलं विचारतात, हरित करिअरसाठी कोणता कोर्स करू? माझं उत्तर थोडं निराशाजनक असतं. ‘हरित’ हे विशेषण आहे, त्याला आधी नाम लागतं. इलेक्ट्रिशियन, प्लंबर, हिशेबनीस, वकील, मृदाशास्त्रज्ञ, वेल्डर, नकाशे करणारा. कसब पक्कं असलं की त्याला हिरवा रंग देता येतो. नुसता रंग घेऊन उभं राहिलं तर भिंत कुठाय असं लोक विचारतात.

कारखान्यातल्या पंख्याचं उदाहरण घ्या. मोठे पंखे बरेचदा पूर्ण वेगाने फिरवतात आणि हवा जास्त झाली म्हणून पुढे झडप अर्धी लावून घेतात. म्हणजे एक पाय ॲक्सिलरेटरवर दाबून ठेवायचा आणि वेग ब्रेकने सांभाळायचा. झडपेऐवजी मोटरचा वेगच कमी केला तर? पंख्याला लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते. वेग ८० टक्के केला तर ०.८ गुणिले ०.८ गुणिले ०.८, म्हणजे ०.५१२. हवा पाचव्या हिश्शाने कमी आणि वीज आदर्श स्थितीत जवळपास निम्मी. हे ओळखायला मोटर कळणारा माणूस लागतो. पर्यावरणप्रेम असेल तर उत्तमच, पण ते मोटरच्या ज्ञानाऐवजी चालत नाही.

दुसरीकडे हिशेबाचं काम वाढतंय. कंपन्यांना आता आपलं कार्बन उत्सर्जन मोजावं लागतं, आणि त्याचे तीन कप्पे करतात: स्वतः जाळलेलं इंधन, विकत घेतलेली वीज, आणि बाकीचं सगळं, म्हणजे कच्चा माल, वाहतूक, ग्राहकाने वस्तू वापरणं आणि फेकणं. तिसरा कप्पा बहुधा सगळ्यात मोठा आणि सगळ्यात निसटता. तिथे आकडा कुणाच्या सोयीचा घेतला आहे, हे ओळखणारी नजर हवी.

ती नजर का लागते, ते कापडी पिशवी सांगेल. डेन्मार्कच्या पर्यावरण खात्याने २०१८ मध्ये वेगवेगळ्या पिशव्यांचा जन्मापासून मरणापर्यंतचा हिशेब मांडला. फक्त तापमानवाढीचा परिणाम धरला, तर साध्या सुती पिशवीची प्लास्टिक पिशवीशी बरोबरी व्हायला ती ५२ वेळा वापरावी लागते आणि सेंद्रिय सुताची १४९ वेळा. पाणी, ओझोनचा थर वगैरे सगळ्या प्रकारचे परिणाम धरून त्यातला सर्वांत वाईट घेतला, तर तेच आकडे ७,१०० आणि २०,००० होतात. एकच पिशवी, एकच अहवाल. प्लास्टिकवाले ७,१०० उचलतात, कापडवाले ५२ सांगतात, आणि दोघंही खोटं बोलत नसतात. वर उघड्यावर फेकलेल्या प्लास्टिकने समुद्रात काय होतं ते या हिशेबात धरलेलंच नाही. असा अहवाल हाती आला की ‘कोणती पिशवी चांगली?’ हा प्रश्न बाजूला ठेवून ‘तुम्ही नेमकं काय मोजलंत?’ हे विचारणारा माणूस तयार करणं, हे शिक्षणाचं काम. घरातली जुनी पिशवी फाटेपर्यंत वापरा, एवढं मात्र कोणत्याही हिशेबात बसतं.

लक्झेंबर्ग उद्यानाची गोष्ट अर्धीच राहिली होती. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कोळसा मागे पडला, हवेतला गंधक कमी झाला आणि त्या उद्यानातल्या झाडांवर दगडफुलं परत आली. १९९० च्या सुमारास अभ्यासकांनी त्यांची रीतसर नोंद केली. पण गेली होती नेमकी तीच परत येतात असं नसतं. गंधक कमी झालेल्या अनेक शहरांत आता झान्थोरिया नावाचं पिवळंधमक, नारिंगीकडे झुकणारं दगडफूल जोमाने पसरलेलं दिसतं. लांबून पाहणाऱ्याला वाटतं, हवा सुधारली. याला मात्र नायट्रोजन मानवतो. शेतातल्या अमोनियाने आणि रस्त्यावरच्या धुराने माखलेली साल त्याला आवडते. जुनी पट्टी गंधकाची, तिला हे कळत नाही. दुसरी पट्टी आता कुणीतरी झाडापाशी उभं राहून, नायट्रोजनवर पोसलेली किती आणि त्याला बुजणारी किती, असं मोजत तयार करतंय.